दोनशे फुटांवरून राम राम

साहेब, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. थोरला मुलगा पायलटचं शिक्षण घेतोय. त्याचे १४० तास झालेत, २०० झाले की मोठं लायसन मिळतं म्हणतो. त्यासाठी सव्वा एकर रान विकलं, त्याचं काही वाटत नाही. चैत्रात आमच्या गावची यात्रा असते, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान. मागच्या महिन्यात पोरगा फोनवर म्हणाला, 'आबा, मैदानाच्या दिवशी चार वाजता विमान घेऊन येतो. दोनशे फुटांवरून एक चक्कर मारतो, पंख हलवतो अन् जातो.' मी हुरळलो आणि यात्रा कमिटीत बोलून बसलो. आता तर स्पीकरवर पुकारायचं ठरलंय. आमच्या मंडळींना मात्र झोप नाही. मी म्हटलं, अगं, उतरताना ते रोज जमिनीला टेकतंच की, मग दोनशे फुटांत काय होतंय? पण तिच्याकडे बघून आता मलाही कुठंतरी टोचतंय. पोराचा हात चांगला आहे असं त्याचे मास्तरही सांगतात. तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलंत. येऊ द्यावं का?
एक बाप, तासगाव तालुका

दादा,

येऊ देऊ नका.

उत्तर तेवढंच आहे. पुढचं लिहितोय ते पोराशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असावं म्हणून. 'नको रे, भीती वाटते' एवढ्यावर १४० तास उडवलेला पोरगा ऐकत नाही. हसतो आणि म्हणतो, 'आबा, तुम्हाला त्यातलं कळत नाही.' वहिनींना मात्र आजच सांगा, की त्यांची झोप उडाली ती उगाच नाही.

आधी तुमचा प्रश्न घेतो, कारण तो चांगला आहे. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांनीही तो मला विचारलाय. उतरताना विमान जमिनीला टेकतं हे खरं, पण ते कसं येतं बघा. समोर सरळ धावपट्टी. फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या पंखाच्या मागच्या झडपा, खाली सोडलेले, वेग ठरलेला आणि पंख समतल. आजूबाजूला काय आहे ते पाठ, कारण रोज तिथंच उतरायचंय. पायलटची नजर समोर आणि डोक्यात एकच काम. इतकं सगळं जागच्या जागी असूनही धावपट्टीकडे घेतल्या जाणाऱ्या शेवटच्या वळणात विमानं पडतात, म्हणून ते वळण आम्ही पोरांकडून कंटाळा येईपर्यंत घोटून घेतो. तुमचा मुलगा मैदानावर येईल तेव्हा यातलं काहीच नसेल. नजर खाली असेल आणि तो तीन हजार टोप्यांत आपल्या बापाची टोपी शोधत असेल.

आता चार वाजता काय होईल ते बघू.

दोनशे फूट म्हणजे साठ मीटर. गावची पाण्याची टाकी एकावर एक तीन-चार रचली तर तेवढी. वेग १०० नॉट धरू, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर, सेकंदाला पन्नास मीटर. सगळं मैदान दोन-तीन सेकंदांत त्याच्या पोटाखालून जातं. लोकांनी मान वर करेपर्यंत तो शेजारच्या शिवारात. त्याला तुम्ही दिसत नाही आणि तुम्हालाही नुसतं काहीतरी पांढरं गेल्यासारखं वाटतं. घात इथंच आहे, दादा. बोली एका चक्करची असते, पण पहिल्या फेरीत समाधान कुणाचंच होत नाही. तो वळतो.

चैत्रातल्या दुपारी आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटलेला असतो. वळताना वारा पाठीशी आला की जमीन भराभर मागे पळायला लागते. तीन हजार फुटांवर हे जाणवत नाही. दोनशेवर झाडं, बांध, बेदाण्याच्या शेडवरची हिरवी जाळी सगळं सटासट जातं आणि मन सांगतं, वेग फार झाला. हात आपोआप थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा, मागे ओढतो. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नसतं, त्याला कळतो तो फक्त हवेतला वेग, आणि तो आता कमी झालाय. त्यात वारा विमानाला मैदानापासून लांब लोटतो, म्हणून पोरगा वळण आवळतो. पंख आणखी कलवायची छाती होत नाही, कारण खालचा पंख बाभळीला लागेल असं वाटतं. मग तो पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून नाक आत ढकलतो. नाक आत गेलं की ते खालीही झुकतं, म्हणून तो कंट्रोल पोटाकडे ओढतो. हे सगळं चालू असताना मान खांद्यावरून मागे वळलेली असते आणि वेगाचा काटा बघायला कुणी नसतं.

यातली एकही गोष्ट तो मुद्दाम करत नाही. शिकवताना मी शेजारी बसून हे पाहिलंय. चांगल्या हाताची पोरंही करतात.

याचा शेवट होतो त्याला आम्ही स्टॉल म्हणतो. स्टॉल म्हटलं की गाडीमुळे लोकांना इंजिन बंद पडलं असं वाटतं. आमच्यातल्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही, ते पूर्ण ताकदीने गर्जत असतानाही विमान स्टॉल होतं. पंख हवेत ज्या कोनात शिरतो तो कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पलीकडे गेला, की पंखाच्या पाठीला चिकटून वाहणारी हवा सुटते. मग पंखाचा नुसता पत्रा होतो. सरळ जाताना हे फार कमी वेगाला होतं. पोराचं विमान सेसना १७२ असेल असं धरू, शिकवायला बऱ्याच ठिकाणी तेच असतं. त्याच्या एस मॉडेलला फ्लॅप वर असताना ही वेळ ४८ नॉटला येते. पण वळणात विमानाचं वजन वाढतं. पाण्याची बादली हातात धरून गोल फिरवलीत तर हात कसा ओढला जातो, तसंच. पंख ६० अंश कलवून उंची न सोडता वळायचं म्हटलं, तर विमान दुप्पट जड होतं आणि स्टॉलचा वेग ४८ वरून ६८ नॉटवर जातो. म्हणजे जो वेग सरळ जाताना पुरून उरला असता, त्याच वेगाला वळणात ते पडतं. तेवढा कल हौशी पायलट सहज घेऊन जातो, त्याला तो तेवढा वाटतही नाही.

आणि वळण पायाने आवळलेलं असेल तर दोन्ही पंख एकदम सुटत नाहीत. आतला आधी सुटतो, विमान त्या बाजूला उलथतं आणि नाक खाली घालून गरगरायला लागतं. याला स्पिन म्हणतात. या जातीच्या विमानात एक गिरकी होऊन सावरायला साधारण हजार फूट खर्ची पडतात, तेही काय होणार हे आधीच ठाऊक असेल आणि हातपाय तयार असतील तर. तुमच्या मुलाकडे दोनशे आहेत. दोनशे फुटांवरून दगड सोडला तर तो साडेतीन सेकंदांत खाली येतो.

'हात चांगला आहे' हे त्याच्या मास्तरांचं म्हणणं खरंच असेल. स्टॉलमधून बाहेर काढायला हात लागतो, पण तो चालवायला खाली जागा लागते. आम्ही स्टॉल शिकवतो ते तीन-चार हजार फुटांवर जाऊन, आणि तिथंही पोरं पहिल्यांदा पाचशे फूट घालवून बसतात.

सेसनाची एक गंमत सांगतो. तिच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं, आणि आत नळीच्या टोकाला पिपाणीत असते तशी पत्ती. स्टॉल जवळ आला की त्या भोकाशी हवा ओढली जाते आणि पत्ती वाजायला लागते. बॅटरी नको, वायर नको. आवाज अगदी यात्रेत पाच-दहा रुपयांना मिळते त्या पिपाणीचा, आधी बारीक कण्हल्यासारखा, मग चढत जाणारा. सरळ विमानात ती बरंच आधी वाजते, सावरायला भरपूर वेळ देते. आवळलेल्या वळणात ती वाजायला लागणं आणि पंख सुटणं यात श्वास घेण्याएवढंही अंतर उरत नाही.

उन्हाचं वेगळंच. आपला भाग समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० फुटांवर. दुपारी ४० अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते, की विमानाला ती पाच हजार फुटांवरची वाटते. एस मॉडेलचं इंजिन १८० हॉर्सपॉवरचं असतं, त्यातले पंचवीसेक घोडे त्या उन्हात गैरहजर. खाली येऊन नाक वर उचललं की चढायला ते अंग चोरतं. सकाळच्या गारव्यात जे सहज जमलं होतं, तेच चार वाजता जमत नाही, आणि हे नाक उचलल्यावरच कळतं.

तारांचं मात्र तुम्हाला मी सांगायला नको. बागेत नवीन गडी आला की पहिल्या आठवड्यात एकदा तरी तारेला धडकतोच. त्याला अँगल दिसतो, वेल दिसते, मधली तार दिसत नाही, ती कपाळाला लागल्यावर कळते. तो चालत असतो, तुमचा पोरगा सेकंदाला पन्नास मीटरने येत असेल. आकाशातून खांब दिसतो, मनोरा दिसतो, पण तार मागच्या रानाच्या रंगात विरघळते. म्हणून जुने पायलट तार शोधत नाहीत. खांब दिसला की दुसरा खांब शोधतात, आणि मध्ये तार आहेच असं धरून चालतात. पण खांब शोधायला नजर मोकळी लागते, आणि ती मैदानात अडकलेली. तुमच्या भागात विजेच्या लाइनी किती आहेत ते मोटर जळाली की तुम्ही खांबाखांबाने फिरताच, तुम्हाला ठाऊक. इटलीत कावालेझे इथं १९९८ साली अमेरिकेच्या एका लष्करी विमानाने फार खालून जाताना रोप-वेची तार तोडली. पाळण्यातले २० जण गेले. पंखांना मार बसूनही विमान तळावर परत उतरलं.

पक्षी विसरलोच. यात्रेचा दुसरा दिवस म्हणजे घरोघरी मटण, आणि घरोघरी मटण म्हणजे गावावर घारी. घार दोनशे-तीनशे फुटांवरच घिरट्या घालते.

आणि इंजिन? ते सहसा बंद पडत नाही. पण पडलंच, तर या विमानाची घसरण साधारण नऊला एक असते, म्हणजे एक फूट खाली येताना नऊ फूट पुढे जातं. हजार फुटांवर असेल तर सव्वा मिनिट हाताशी असतं आणि अडीच किलोमीटरच्या टापूत कुठं टेकायचं ते निवडता येतं. दोनशेवरून पंधरा-सोळा सेकंद आणि जेमतेम अर्धा किलोमीटर. तुमच्या गावाभोवती त्या अर्ध्या किलोमीटरमध्ये काय आहे? लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा आणि खरड छाटणीनंतरचे वेलींचे उघडे ओलांडे. ऊस असता तर मी जरा कमी घाबरलो असतो.

अजून एक, हे पोराला मुद्दाम विचारा. त्याचा उंचीचा काटा गावावर किती दाखवेल? तो काटा बहुतेक वेळा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. म्हणजे जमिनीपासून दोनशे फुटांवर असताना काट्यावर दोन हजार दिसतील. दोन हजार हा आकडा बघायला किती निवांत वाटतो. उत्तर देताना तो अडखळला, तर त्याने दोनशे हा आकडा नुसताच तोंडी फेकलाय.

हे सगळं मी शहाणपणाने बोलतोय असं समजू नका. तेविसाव्या वर्षी मीही हेच केलंय. १९८२ साल. क्लबचं पुष्पक विमान होतं, आपल्या एचएएलने बनवलेलं, दोन माणसांचं, कापडी पंखांचं. कृष्णेकाठी माहुलीच्या पुढे माझ्या मावशीचं गाव. तिला महिनाभर आधीपासून सांगून ठेवलं होतं, रविवारी अकरा वाजता परड्यात उभी राहा. पहिल्या फेरीत परडं रिकामं दिसलं. तसा वळलो. नदीवरून खाली आलो आणि समोर काठावर विजेचा खांब दिसला. त्याच्याकडे बघत असताना पलीकडच्या काठावर दुसरा दिसला. पुढचं मी विचार करून केलेलं नाही. नाक वर गेलं, विमान अंगाखाली थरथरलं, ज्या थरथरीबद्दल मास्तरांनी शंभर वेळा सांगितलं होतं ती. नदीचं पात्र खोल होतं, काठापेक्षा तीस-चाळीस फूट खाली. नाक पुन्हा खाली घालायला तेवढीच जागा मिळाली. तारेच्या वरून गेलो की खालून, हे मला आजही छातीठोक सांगता येणार नाही.

संध्याकाळी एसटीने मावशीकडे गेलो. विचारलं, दिसलो का? ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "आवाज झाला खरा मगाशी. मला वाटलं गिरणी सुरू झाली."

त्याआधी दोनच वर्षं २३ जून १९८० ला दिल्लीत संजय गांधी गेले होते. तुम्हालाही आठवत असेल. त्यांचं विमान पिट्स एस-२ए, कसरतींसाठीच बनवलेलं. सोबत होते कॅप्टन सुभाष सक्सेना, दिल्ली फ्लाइंग क्लबचे जाणते उस्ताद. सफदरजंग विमानतळाजवळ कमी उंचीवर कसरत करताना ते कोसळलं आणि दोघेही गेले. यंत्र त्या कामाचं होतं, सोबतीला उस्तादही होता, सावरायला खाली जागा तेवढी नव्हती. ही बातमी मी वाचली होती, क्लबात तिच्यावर आठवडाभर बोललो होतो, आणि तरी मावशीच्या गावाला गेलो. त्यामुळे पोराला नुसती अशी उदाहरणं ऐकवून भागेल असं समजू नका. ते दुसऱ्याचं असतं.

खालच्या लोकांचं उदाहरण मात्र यात्रा कमिटीला जरूर सांगा. इंग्लंडमध्ये शोरहॅमला २२ ऑगस्ट २०१५ रोजी हवाई प्रदर्शन होतं. एक जुनं हॉकर हंटर जेट, चालवणारा अनुभवी. आकाशात मोठी गोल गिरकी घ्यायची होती, तिच्या माथ्यावर किमान साडेतीन हजार फूट हवे होते, मिळाले सुमारे २,७००. विमान खाली येता येता शेजारच्या हमरस्त्यावर आदळलं आणि ११ जण गेले. ते सगळे तिकीट काढलेल्या प्रेक्षकांच्या कुंपणाबाहेरचे. कुणी गाडीतून आपल्या कामाला निघालेलं, कुणी रस्त्याकडेला उभं. पायलट वाचला. तुमच्या मैदानाला तर कुंपणही नाही. पोरं झाडावर, बायका गच्चीवर, हलगीवाले मधोमध.

कायद्याचं दोन ओळींत. गर्दी आणि वस्तीवरून जाताना आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा किमान १,००० फूट वर राहायचं, मोकळ्या रानावर किमान ५०० फूट, उतरणं-उडणं सोडून. दोनशे कुठंच बसत नाही. शिवाय शिकाऊ पायलट एकटा उडतो तो मास्तरांनी सही केलेल्या कामावर, ठरलेल्या टापूत. त्या कागदावर तुमची यात्रा नसणार. मैदानावर निम्म्या लोकांच्या हातात मोबाइल असतील आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येकाच्या स्टेटसला तुमचा पोरगा असेल, विमानाच्या नंबरासकट. चौकशी करणाऱ्याला वेगळा पुरावा लागणार नाही. सव्वा एकर गेलं त्याचं तुम्हाला वाईट वाटत नाही म्हणता. असं गेलं तर वाटेल.

पण मला बोलायचंय ते गावाबद्दल.

हे विमान खाली कोण ओढतं? अशा पायलटच्या डोक्यात त्या दिवशी विमान नसतंच, तर त्याला बघणारी माणसं असतात. पहिली फेरी लोकांनी नीट पाहिली नाही म्हणून दुसरी, दुसरीत शिट्ट्या वाजल्या म्हणून तिसरी आणखी खालून. रिकाम्या माळावर हा प्रकार फारसा कुणी करत नाही, कारण तिथं हात हलवणारं कुणी नसतं. तुम्ही कमिटीत बोललात तेव्हा ते विमान दोनशे फुटांवर बांधलं गेलं. आता उद्या समजा वारा जास्त असेल, इंजिन जरा वेगळं वाजत असेल, पोराला स्वतःलाच नको वाटत असेल, तरी तो येईल. स्पीकरवर पुकारलंय ना. आबा तोंडघशी पडतील ना. हे लिहिताना तुम्हाला लागेल याची कल्पना आहे, पण दोष द्यायला लिहीत नाही. गाठ तुम्ही बांधली आहे, त्यामुळे ती तुम्हालाच सोडवता येते, मला किंवा त्याच्या मास्तरांना तितकी सहज येणार नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कमिटीत जा आणि कार्यक्रम रद्द करा. तिथं 'पोरगं घाबरलं' असं चुकूनही म्हणू नका. म्हणा, मीच नको म्हटलंय. लोक थोडं हसतील, पारावर आठवडाभर विषय होईल, मग कुणाची तरी कुस्ती गाजेल आणि विमान विसरतील. ते झाल्यावरच पोराला फोन लावा. 'येऊ नकोस' असं म्हणू नका, म्हणा, 'मी गावाला सांगून टाकलंय, विमान येणार नाही. नाव माझं घे.' दुसऱ्या वाक्यावर तो बहुतेक गप्प होईल. माझा अंदाज विचाराल तर आतून सुटल्यासारखंही वाटेल त्याला. या वयात 'नको' म्हणायला माणूस लागतो, स्वतःहून म्हणता येत नाही.

मग आवाज न चढवता एक विचारा. याआधी कुठं केलंयस का? एखाद्या मित्राच्या गावावर, धरणावर, कॉलेजवर? 'हो' म्हणाला तर ओरडू नका, पूर्ण ऐकून घ्या. ओरडलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही आणि करेल. ऐकून झाल्यावर म्हणा की हे तुझ्या मास्तरांना तू स्वतः सांग. आणि कमिटीत रद्द करूनही तो 'तरी येतोच' म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच्या चीफ इन्स्ट्रक्टरना फोन करा. चुगली केल्यासारखं वाटेल. वाटू द्या.

गावाला विमान दाखवायचीच हौस असेल तर वाट आहे, पण ती यात्रेच्या दिवशी नको. दूरच्या पल्ल्याची सरावाची उड्डाणं त्याला करावीच लागतात. त्यातल्या एखाद्याचा मार्ग तुमच्या गावाजवळून नेता येतो का, हे त्याने मास्तरांना विचारावं. ते हो म्हणाले तर सकाळच्या गार हवेत, जमिनीपासून दोन हजार फुटांवरून, सरळ रेषेत, न वळता, न रेंगाळता जायचं. वाटलं तर तिथून एकदा पंख हलवावेत. खालून विमान बोटाएवढं दिसतं, पण पांढरं चमकतं आणि आवाजही येतो. गावात कुणालाही आधी सांगू नका, फक्त वहिनींना घेऊन गच्चीवर जा. न दिसलं तरी चालेल.

त्यापेक्षाही मला विचाराल, तर खरड छाटणी उरकली की दोघं त्याच्याकडे जा. कुंपणाबाहेर उभं राहून पोरगं उतरताना बघा. वहिनींना सांगा, विमान धावपट्टीला टेकायच्या जरा आधी कधीकधी तीच पिपाणी ऐकू येते. तिथं ती वाजली तर घाबरायचं नाही. चाकं जमिनीपासून फूटभर वर असताना ती वाजायलाच हवी.

स्पीकरवाल्याला मात्र आजच गाठा. एकदा का त्याने कुस्त्यांच्या यादीखाली चार वाजताचं विमान लिहून घेतलं, की तो पुकारल्याशिवाय राहायचा नाही.